मृगसाल

८ जून. पहाटे कौलांवर ताशा वाजला तेव्हाच कळलं, आज मृग. कॅलेंडर बघायची गरज पडली नाही.

माझ्यासारख्या जुने कागद वाचणाऱ्यांचं आज नवं वर्ष. शुभेच्छा द्यायला कुणी येत नाही ते सोडा, पण पेशवाईतल्या कागदांवर जो सुहूर सन असतो तो मृगाला बदलतो. त्याला मृगसालच म्हणतात. नांगर शेतात गेला की सरकारचा हिशेबही नवा. ज्याने कुणी हे ठरवलं त्याला निदान वसूल कुठून येतो हे ठाऊक होतं. आमचं ३१ मार्चचं आर्थिक वर्ष मला आजवर कळलेलं नाही. ३१ मार्चला कोकणात होतं काय? आंब्याला भाव असतो, बस्स.

आज एवढं सुचायला कारण परवाचं गाठोडं. आंजर्ल्याच्या एका आजींचा फोन आला होता. घर शाकारायला माणसं आली होती, माळ्यावर कौलांखाली एक बासन सापडलं, वर लाल फडकं. गड्याने ते बंबात घालायला उचललं होतं, आजींनी हातातून ओढून घेतलं. "तू ती मोडीवाली ना? ये गो लौकर, पाऊस आला तर लगदा होईल."

दापोलीहून एसटीने निघाले. हर्णैला गाडी थांबली तेव्हा खिडकीतून सुवर्णदुर्ग दिसला, पाण्यात बसलेल्या म्हशीसारखा. १ जूनपासून मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, त्यांच्यावर झापं आणि निळं प्लास्टिक. एरवी लिलावाच्या वेळी इथे पाय ठेवायला जागा नसते. हा किल्ला इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्र्यांकडून घेतला तो १७५५ च्या एप्रिलात, आणि विजयदुर्ग पडला १७५६ च्या फेब्रुवारीत. वर्गात मुलं विचारतात, मधे दहा महिने काय करत होते? मी त्यांना जूनमध्ये किनाऱ्यावर जाऊन उभं राहायला सांगते. शिडाची जहाजं असल्या समुद्रात घालणार कोण?

आजींनी बासन ओटीवर सोडलं. वर कसरीची पूड, मग बुरशीचा तो ओला गोडसर वास. खालचे अर्धेअधिक कागद एकमेकांना चिकटून त्यांची पोळी झालेली. वरचे मात्र सुटे होते. हाताने केलेला जाड कागद, काजळाची शाई अजून काळीभोर. बहुतेक सगळं भाताचं देणंघेणं, खंडी, मण, पायली. "सोनंबिनं पुरल्याचं काही लिहिलंय का?" हा प्रश्न आलाच. तो नेहमी येतो. मी म्हटलं, "आजी, सोनं पुरणारा माणूस लिहून ठेवत नाही."

एक पत्र तेवढं निराळं निघालं. कुणीतरी कुणाला तरी काथ्याचं सुंभ आणि मीठ मागतंय. मृग तोंडावर आलाय, एकदा गलबत वर ओढलं की माल पोचायचा नाही, तेव्हा निघेल त्या तारवाने पाठवा, असा मजकूर. खाली मिती: छ ७ रबिलावल, सलास सबैन मया व अलफ. छ म्हणजे चंद्र, रबिलावल हा हिजरी महिना, आणि पुढे अरबी आकड्यांत सन: सलास तीन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. म्हणजे सुहूर ११७३. यात ५९९ मिळवले की १७७२, झालं.

झालं नाही. इथेच मी पंचवीस वर्षांपूर्वी तोंडावर आपटले होते. पहिल्या शोधनिबंधात सगळ्या सनांत डोळे मिटून ५९९ मिळवले होते. जानेवारी ते मृगापर्यंतच्या पत्रांना ६०० मिळवावे लागतात, कारण तोवर इंग्रजी साल बदललेलं असतं आणि सुहूर जुनाच चालू असतो. सरांनी लाल पेन्सिलने समासात एवढंच लिहिलं: 'हा मनुष्य पत्र यायच्या आठ महिने आधीच त्याचं उत्तर लिहितो आहे.' कागद आजही जपून ठेवलाय. कुठल्याही प्रशस्तिपत्रापेक्षा जास्त उपयोगी पडला.

पण हे पत्र त्याहून वस्ताद. सन सूर्याचा आणि महिना चंद्राचा, आणि चांद्र वर्ष अकराएक दिवसांनी तोकडं. त्यामुळे मृगाच्या आसपासची एखादी तारीख एकाच सुहूर सनात दोनदा येऊ शकते, एकदा सन लागल्या लागल्या आणि पुन्हा तो संपता संपता. रात्री जंत्री काढून बसले. ७ रबिलावल पडतो ८ जून १७७२ ला, म्हणजे आजच्याच तारखेला, आणि पुन्हा २९ मे १७७३ ला. मृग तेव्हा हल्लीपेक्षा तीन-चार दिवस आधी लागायचा. म्हणजे दोन्ही तारखा सलास सबैनातच, दोन्ही बरोबर. एखाद्या दिवसाची मागेपुढे चंद्रदर्शनाने होते, तेवढ्याने काही बिघडत नाही.

आणि या दोन तारखांच्या मधे काय झालं? १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला माधवराव गेले. पहिली तारीख धरली तर पुण्यात माधवराव, दुसरी धरली तर नारायणराव, आणि त्यांच्याही हातात जेमतेम तीन महिने, ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात त्यांचा खून. राज्य हललं ते याच वर्षात. पत्रात त्याचं अक्षरही नाही. या गृहस्थाला सुंभ हवंय.

निकाल त्या सुंभानेच लावला. ८ जून १७७२ ला मृग लागून चारेक दिवस झाले होते. तेव्हा कुणी 'मृग तोंडावर आलाय' लिहिणार नाही. म्हणून २९ मे १७७३. हे लक्षात आलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि घरात सांगायला जागं कुणी नव्हतं. मांजराला सांगितलं.

याचा निबंध होईल का? व्हायला हरकत नाही, पण कॉलेजात सध्या सगळ्यांचा जीव गुणांच्या तक्त्यात अडकलाय. कुठल्या यादीतल्या नियतकालिकात छापलं तर किती गुण, याचा एक रकाना असतो. मीठ-सुंभाचा रकाना नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तेव्हा त्यांना असला तक्ता भरावा लागला नाही, हे मराठ्यांच्या इतिहासाचं नशीब.

दुपारी आजींना फोन करून पत्राचा अर्थ सांगितला. सोनं नाही म्हटल्यावर जरा हिरमुसल्या. मग म्हणाल्या, "मग पाठवलंन का त्याने?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तारखेत अडकले होते. उत्तर असलंच तर त्या चिकटलेल्या पोळीत असेल. ती सोडवणं माझं काम नव्हे, जाणकाराकडेच न्यायला हवी. उन्हात घालायची सोय नाही, घालायचीही नसते. तोवर वरून टीपकागद ठेवून पंख्याखाली मांडलीय, दर दोन तासांनी टीपकागद बदलतेय. तिसऱ्यांदा बदलला तेव्हा कडेचं एक पान सुतभर उचललं गेलं, आत 'मीठ' असं काहीतरी दिसल्यासारखं वाटलं. नीट बघायला चष्मा लावला आणि लाइट गेली.