पिल्सनरच्या गावात लेझाक

प्रागहून प्ल्झेन्यला, म्हणजे पिल्सनर बिअरच्या चेक गावाला, रेल्वेनेच जावं. साधारण दीड तास लागतो, आणि चेक कायद्यात बिअर पिऊन गाडी चालवायला अजिबात सूट नाही. स्टेशनातून चालत दहा-पंधरा मिनिटांत पिल्सनर उर्केल ब्रुअरीची 1892 ची दगडी कमान दिसते.

प्ल्झेन्यचं जर्मन नाव पिल्सेन. त्याला 'एर' लावला की 'पिल्सनर', म्हणजे पिल्सेनचं. आपलं 'कोल्हापुरी' तसंच. बुडवायझर हे बिअरचं नावही गावावरूनच आलं: चेस्के बुड्येयोवित्से, जर्मनमध्ये बुडवाइस. 'लागर', म्हणजे थंडीत मुरवलेली बिअर, हे नाव मात्र जर्मन 'लागर्न'वरून, म्हणजे साठवून ठेवणं. चेक लोक या प्रकाराला 'लेझाक' म्हणतात, पडून मुरलेली. पिल्सनर हे नाव ते सहसा याच गावच्या बिअरसाठी राखतात, आणि मला ते रास्त वाटतं.

1838 मध्ये इथे 36 पिंपं खराब बिअर नगरभवनासमोर ओतून दिली गेली. मग नागरिकांनी मिळून नवी ब्रुअरी उभारली आणि बव्हेरियातून योझेफ ग्रोल या बिअर बनवणाऱ्याला आणलं. त्याची पहिली बिअर 5 ऑक्टोबर 1842 ला शिजली. माल्ट, म्हणजे मोड आणलेलं सातू, धुरावर न भाजता गरम हवेने सुकवलेलं, म्हणून रंग सोनेरी. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, झातेत्स या चेक गावची. पाणी अतिशय मृदू. जड पाण्यात एवढ्या हॉप्सचा कडवटपणा जिभेला ओरखडतो. तळाशी बसणारं यीस्ट थंडीत काम करतं, म्हणून तळघरं खोदली आणि हिवाळ्यातला बर्फ तिथे साठवला.

आजही माल्टच्या लगद्याचा काही भाग तीनदा बाजूला काढून तांब्याच्या हंड्यात, थेट आचेवर उकळतात आणि परत मिसळतात. अंगची गोडी त्यातून येते.

तळघरं सुमारे 9 किलोमीटरची, तापमान 5 अंशांच्या आसपास. उन्हाळ्यातही जाकीट घ्या. शेवटी ओकच्या पिंपातून गाळणी न केलेली बिअर देतात: गढूळ, ब्रेडसारख्या वासाची, बाटलीतल्यापेक्षा गोल चवीची. एवढ्यासाठी तरी टूर आधी बुक करावी.

वर आल्यावर 'ह्लादिन्का' मागा, ही बिअर ओतण्याची इथली नेहमीची पद्धत. ग्लास थंड पाण्याने विसळतात. कोरडा राहिला तर फेसाचे मोठे बुडबुडे होऊन तो लगेच बसतो. नळ अर्धवट उघडून आधी दाट फेस, मग नळाचं टोक फेसाखाली बुडवून पूर्ण धार. वर तीन बोटं फेस उरतो आणि शेवटच्या घोटापर्यंत बिअरला हवेपासून जपतो. 'म्लीको', म्हणजे दूध, ही ओतण्याची दुसरी पद्धत, हा जवळजवळ नुसता फेसच; तो गोडसर लागतो, पण रेंगाळलात तर गेला.

पिल्सनर हे नाव इतरांनीही उचललं, तेव्हा 1898 मध्ये ब्रुअरीने 'उर्केल', चेकमध्ये 'प्राझ्द्रोय', हे नाव नोंदवलं: मूळ झरा. म्युनिकने आपल्या फिकट बिअरला 1894 मध्ये गावाऐवजी रंगाचं नाव दिलं, 'हेलेस', म्हणजे उजळ.