शेजारच्या बाकाची सोय

उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, म्हणजे जूनच्या अखेरीस उघडतात आणि नागपुरात घरी बसून मी घेतो तो मुद्रितशोधनाचा ऑनलाइन अभ्यासक्रमही त्याच सुमारास सुरू होतो. पहिल्या दिवशी माइक बंद करायच्या सूचनेआधी मिनिटभर कूलरचा घरघराट ऐकू येतो. कोण आपल्याकडचे आणि कोण पुण्याचे, हे तेवढ्यावरून कळते.

वर्गात नव्या विद्यार्थ्याचे स्वागत शिक्षक करतो, अशी शिक्षकांची समजूत असते. वास्तविक ते शेजारच्या बाकावरचा मुलगा करतो. तो जरा सरकून जागा देतो, "हजेरी रोज घेतात का जी?" या प्रश्नाचे खरे उत्तर देतो आणि कोणत्या सरांपासून जपून राहायचे हेही मधल्या सुट्टीत सांगून टाकतो. ऑनलाइन अभ्यासक्रमात हा शेजारीच नसल्यामुळे त्याचे सगळे काम स्वागताच्या पत्रावर येऊन पडते, आणि अशी बहुतेक पत्रे उद्दिष्टे, निष्पत्ती व मूल्यमापनाचे निकष यांतच संपतात. पासवर्ड विसरला तर कोणाला विचारायचे, एखादे व्याख्यान बुडाले तर चालेल का, मोबाइलवर स्वाध्याय करता येईल का, हे ज्याला रात्री अकरा वाजता एकट्याने विचारायचे असते, त्याच्यासाठी त्यांत एक ओळही नसते.

ऑनलाइन अध्यापनाच्या अभ्यासक गिली सॅमन यांनी २००० साली पाच पायऱ्यांचा आराखडा मांडला. त्यात प्रवेश व प्रेरणा ही पहिली पायरी आणि आपसातला परिचय ही दुसरी. माहितीची देवाणघेवाण थेट तिसऱ्या पायरीवर येते. आपल्याकडे २०१७ साली सुरू झालेल्या 'स्वयम' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणमंचावरच्या अभ्यासक्रमांत व्हिडिओ, वाचनसाहित्य, चाचण्या आणि शंकांवरची चर्चा अशी चार अंगे असतात. चर्चेची सोय उत्तमच आहे. परंतु शंका विचारण्यासाठी आधी भीड चेपावी लागते, आणि अनोळखी नावांच्या यादीसमोर आपल्याकडचा माणूस सहसा तोंड उघडत नाही.

म्हणून मी पहिल्या दिवशी नाव, गाव, शिक्षण असली ओळखपरेड करीत नाही; तुमच्या खिडकीतून काय दिसते ते दोन ओळींत लिहा, एवढेच सांगतो. मग कोणी कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या लिहितो, कोणी काटोलकडची संत्र्याची बाग, तर भंडाऱ्याची एखादी गृहिणी धानाचे पऱ्हे टाकायला पावसाची वाट पाहणारे शेत. गेल्या खेपेला एका मुलीने लिहिले, "समोरच्या बंगल्याची भिंत दिसते आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'आर्शिवाद' असे लिहिले आहे." त्यासरशी तोवर गप्प असलेल्या मंडळींनी आपापल्या गल्लीतल्या पाट्यांचे फोटो पाठवायला सुरुवात केली, एका निवृत्त पोस्टमास्तरांनी तर अख्ख्या बाजारपेठेचे, आणि कोणाची पाटी अधिक चुकीची यावर वाद रंगला. सीताबर्डीच्या वाट्याला किती पाट्या आल्या, ते इथे सांगत नाही. मला तिथे खरेदीला जावे लागते.

या सगळ्यात पहिले प्रकरण एक दिवस मागे पडते. वेळापत्रकाच्या बाबतीत काटेकोर असलेले माझे एक सहकारी त्यावर नाराज असतात. त्यांच्या व्याख्यानाच्या वेळीही शंका मात्र आधी त्या मुलीला विचारल्या जातात आणि तिला सुटल्या नाहीत तरच त्यांच्याकडे जातात.