ठाणे-नवी मुंबई डेमो कॅसेट्स : उलटी वाजणारी टेप अखेर सुटली

मंडळी, मागच्या अपडेटमधली ती कॅसेट आठवतेय ना, ए साइडला सगळं संथ आणि घोगरं, बी साइडला पूर्ण उलटं? ती सुटली! आणि तिच्यातून आता ड्रम्स, बेस, गिटार, गायकाचा आवाज असे चार वेगळे ट्रॅक निघालेत.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो. नौपाड्यातली एक जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, तिथल्या एका काकांच्या माळ्यावर खोकंभर कॅसेट्स सापडल्या. काका त्यांची मागची खोली बँड्सना प्रॅक्टिससाठी भाड्याने द्यायचे, ठाण्याची पोरं यायची, वाशी-नेरुळची पण यायची, आणि डेमो, म्हणजे नमुन्यादाखल केलेली रेकॉर्डिंग्ज, तिथेच राहून जायचे. रेकॉर्डिंग कोण कसं करायचं याच्यात काका कधी पडलेच नाहीत. तेव्हा सगळ्यांचं लक्ष मुंबईतल्या रंगभवनच्या इंडिपेंडन्स रॉक या रॉक फेस्टिव्हलकडे (१९८६ पासून सुरू) नाहीतर आयआयटीच्या मूड इंडिगो या कॉलेज फेस्टिव्हलकडे, डेमो बनायचा तो कुठेतरी वाजवायला मिळावं म्हणून. यातलं काहीच दुकानात आलेलं नाही, त्यामुळे बऱ्याच बाबतीत आपल्या हातात आहे ती एकमेव कॉपी असणार.

तर ही कॅसेट. साध्या स्टिरिओ कॅसेटमध्ये टेपच्या अर्ध्या रुंदीत ए साइडचे दोन ट्रॅक आणि उरलेल्या अर्ध्यात बी साइडचे दोन, उलट दिशेने. पण पोर्टास्टुडिओसारखं फोर-ट्रॅक मशीन, म्हणजे घरच्या घरी साध्या कॅसेटवर चार वेगळे ट्रॅक भरणारा रेकॉर्डर (टीअ‍ॅकचं पहिलं १९७९ चं) चारही ट्रॅक एकाच दिशेने भरतं, आणि बरीचशी मशीन्स दुप्पट स्पीडला, म्हणजे सेकंदाला ४.७६ सेंमीऐवजी साधारण ९.५ सेंमी. अशी टेप आपल्या नेहमीच्या डेकवर लावली की दोन ट्रॅक सुलटे, दोन उलटे आणि सगळं एक सप्तक खाली. हे डोक्यात आल्यावर पुढचा रस्ता सरळ होता. दोन्ही साइड कॉम्प्युटरवर ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटला घेतल्या, ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकचा सॅम्पल रेट ९६,००० वरून १,९२,००० केला की स्पीड दुप्पट होतो, मग बी साइड रिव्हर्स.

खरी मेहनत जुळवणीत गेली. दोन साइड दोन वेगळ्या वेळी वाजलेल्या, डेकचा स्पीड कणभर इकडेतिकडे होतोच, त्यामुळे गाण्याच्या सुरुवातीला जुळलेलं शेवटी हमखास सुटतं. इथे क्रॉसटॉक, म्हणजे एका ट्रॅकचा आवाज शेजारच्यात झिरपणं, कामाला आला. दोन नंबरच्या ट्रॅकवर ड्रम्स आहेत आणि ते शेजारच्या तीन नंबरवर, गिटारच्या मागे, अगदी बारीक झिरपलेत. गिटार थांबते तिथे आवाज वाढवला की स्नेअर ड्रम ऐकू येतो, तो पकडायचा, दोन नंबरवरच्या स्नेअरवर बसवायचा, मग पुढचा. कंटाळवाणं काम आहे पण पर्याय नाही, आणि चारही ट्रॅक एकत्र वाजले तेव्हा अंगावर काटा आला, खरंच सांगतो. बेस वाजवणारा मुलगा जबरदस्त आहे!

रेकॉर्डिंगचा आवाज अजून थोडा पंप होतो, म्हणजे मधेच आपोआप कमी-जास्त होतो. रेकॉर्डिंग डीबीएक्स (टेपची खरखर कमी करणारी सिस्टिम) लावून झालंय असं वाटतंय, म्हणजे भरताना मोठ्या-बारीक आवाजातला फरक २:१ दाबलेला, तो वाजवताना उलट उघडायला हवा. हा फरक परत वाढवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या एक्सपांडरने जवळपास जमतं, फक्त आधी स्पीड दुरुस्त करायचा आणि मगच एक्सपांडर, उलट क्रम केला तर सगळं बिघडतं.

आता महत्त्वाचं. लेबलवर फक्त 'फायनल' लिहिलंय, साल नाही, बँडचं नाव नाही. पण गायकाच्या ट्रॅकवर दोन टेकच्या मधे माइक चालूच राहिलाय. गाणी इंग्लिश आणि मधलं बोलणं शुद्ध ठाण्याचं मराठी. त्यात एक जण ओरडतो, "आवर रे, कुर्ल्याला शेवटची वाशी चुकेल!" वाशीला लोकल सुरू झाली १९९२ ला आणि ठाणे-वाशी थेट लोकल २००४ ला. म्हणजे रेकॉर्डिंग ९२ नंतरचं नक्की, आणि ठाण्याहून वाशीला जायला कुर्ला गाठावं लागतंय म्हणजे बहुतेक २००४ च्या आधीचं. एवढी माहिती एका वाक्यातून मिळाली! म्हणून परत परत सांगतोय, डिजिटाइझ करताना गाण्याच्या आधीची-नंतरची बडबड, काउंट-इन (सुरू करण्याआधीचं वन-टू-थ्री-फोर), खोकणं, काही काही कापू नका. मास्टर फाइल अख्खी ठेवा, छाटायचं ते कॉपीत छाटा.

बाकी खोक्यातल्या दोन-तीन कॅसेट्सवर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी बुरशी आहे, आपल्याकडच्या पावसाळ्याची कृपा. त्या चांगल्या डेकमध्ये अजिबात घालणार नाही, आधी टेप स्क्रूवाल्या नव्या शेलमध्ये (कॅसेटच्या प्लास्टिक खोक्यात) घेणार, मास्क लावून. काहींचा प्रेशर पॅड (टेपला हेडवर दाबून धरणारा छोटा तुकडा) पडलाय, ते सोपं आहे.

नंतरच्या काळातल्या बँड्ससाठी एक सुचवतो. मायस्पेस या सोशल साइटवर २०१५ पर्यंत चढवलेली गाणी सर्व्हर बदलताना गेली, हे २०१९ ला जाहीर झालं, पण साधारण ४,९०,००० गाणी इंटरनेट आर्काइव्हवर 'मायस्पेस ड्रॅगन होर्ड' नावाने वाचलीत, मुख्यतः २००८-१० ची. ऐरोली, बेलापूर, कळवा, कुठल्याही बँडचं नाव आठवत असेल तर तिथे शोधा.

बँडचं नाव सध्या देत नाहीये. काकांच्या जुन्या वहीतून बेसिस्टचा पत्ता लागलाय, त्याला कॅसेटवरची चारही गाणी पाठवलीत, बाकीच्यांचीही परवानगी आल्याशिवाय कुठेही अपलोड करणार नाही. साउंड रेकॉर्डिंगचा कॉपीराइट आपल्याकडे ६० वर्षं असतो, त्यामुळे जुनं आहे म्हणून चालवून घेता येत नाही, आणि तसंही ही त्यांची गाणी आहेत.

ठाणे ते पनवेल पट्ट्यात कुणाकडे डीबीएक्सवाला चालू पोर्टास्टुडिओ असेल तर प्लीज सांगा, टेप घेऊन मी येतो. चारही ट्रॅक एका दमात निघाले तर ही सगळी जुळवणी काढून टाकून नवीन मास्टर बनवायचाय.