पाच झेरॉक्स

घरपट्टीच्या पावतीची एक झेरॉक्स हवी होती. दुपारचे दोन वाजलेले, सांगलीच्या गणपती पेठेत सामसूम. दुकानदार डबा पुसता पुसता म्हणाला, "किती?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पाच."

ही खोड आमच्या मोठ्या मामांची. एक प्रत साहेबाला, एक साहेबाच्या टेबलावर हरवायला, एक मुलाच्या आईजवळ, एक पुढच्या खिडकीसाठी. आणि पाचवी? "असू दे," एवढंच म्हणायचे. मूळ कागद ते कुणाच्या हातात द्यायचे नाहीत. खिडकीतल्या माणसाने धरून ओढला तर हे आपल्या बाजूने ओढून धरायचे. एकदा तर दोघांच्या ओढाताणीत एका पोरीच्या अपंगत्वाच्या दाखल्याचा कोपरा टर्रकन फाटला होता.

नोकरी साधी कारकुनाची. रजेच्या दिवशी मात्र काखेत फाईल आणि बरोबर कुणाचं तरी मूल. कधी न ऐकू येणारं, कधी पायाला आधाराचं कॅलिपर घातलेलं. लोक हळूच विचारायचे, "तुमच्या घरी आहे का कुणी तसं?" मामा म्हणायचे, "हाय की." खरं तर त्यांची तिन्ही मुलं धडधाकट होती. विचारणारा हळहळायचा, आणि मामींना त्याचा भयंकर राग यायचा.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मला त्यांनी एका शाळेत नेलं होतं. नाव सांगत नाही, शाळा अजून आहे. अपंगांच्या हक्कांचा १९९५चा कायदा नवाच आला होता. मामांकडे त्याची झेरॉक्स होती, लाल पेन्सिलीने रेघा मारलेली. हेडमास्तर म्हणाले, कायदा बरोबर आहे हो, पण आमच्या शाळेला पायऱ्या आहेत. मामांनी पायऱ्या मोजल्या. दीड फूट. चौथ्या दिवशी सुतार घेऊन हजर. एक फूट चढायला बारा फूट उतार लागतो, म्हणजे दीड फुटाला अठरा. ती फळ्यांची घसरगुंडी व्हरांड्यातून निघाली ती थेट पाण्याच्या टाकीपर्यंत गेली. हेडमास्तरांनी विचारलं, जरा आखूड नाही का करता येणार? मामा म्हणाले, "येतंय की. मग तुम्ही ढकला खुर्ची." शाळा सुरू झाल्यावर त्या उतारावरून सगळ्यात जास्त कोण गेलं असेल तर धडधाकट पोरं, दप्तरावर बसून.

आणि हाच माणूस संध्याकाळी सातला घरी. वह्यांना खाकी कव्हरं घालायची, मामींना डाळिंब सोलून द्यायचं, ते झाल्याशिवाय कुणाच्या मोर्च्याबिर्च्याला जायचं नाही. डाळिंबाचा एक दाणा जरी खाली पडला तरी उचलून स्वतः खायचे.

सांगलीत ४० म्हटलं की आपल्याला आयर्विन पूल आठवतो. कृष्णेचं पाणी ४० फुटांना इशारा, ४५ला धोका. मामांचं ४० वेगळं. दाखल्यावर ४० टक्के अपंगत्व नसेल तर पुढची बहुतेक दारं बंद. एका पोराला ३८ मिळाले तेव्हा मामा दोन दिवस जेवले नाहीत. "दोन टक्क्यांनी काय पायात बळ येतंय?" असं पानावर बसून म्हणायचे आणि उठायचे. पुन्हा तपासणी झाली. किती मिळाले ते मला आठवत नाही, पण मामा जेवले, एवढं आठवतं. २०१६चा नवा कायदा आला, अपंगत्वाच्या ७ प्रकारांचे २१ झाले, तेव्हा तर ते लग्नात आहेराच्या रांगेतसुद्धा झेरॉक्स वाटत होते.

२०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. मामांचं घर गावभागात. पाणी ओसरल्यावर आम्ही चिखल उपसायला गेलो, तर मामा गच्चीवर दोऱ्या बांधून, चिमटे लावून कागद वाळत घालत होते. शाईच्या सह्या, जांभळे शिक्के, सगळं वाहून गेलेलं. झेरॉक्सवरची अक्षरं मात्र काळीकुळकुळीत. आठवडाभर आया येत होत्या. घरातलं सगळं गेलेल्या. मामा दोरीवर नाव शोधायचे, चिमटा काढायचे, कागद द्यायचे.

त्याच दोरीच्या टोकाला मामींचं एक पत्र होतं, पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेल्या तेव्हाचं. मूळ पत्र कोरं, निळसर. शेजारी त्याच्या पाच प्रती. "बाळाचे टोपडे तिथेच राहिले, पाठवून द्यावे. तब्येतीस जपावे." बाकी काही नाही. मामी म्हणाल्या, "अहो, हे कशाला काढून ठेवलं होतं?" मामा म्हणाले, "असू दे."

नंतर दोन वर्षांनी ते गेले. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती काढायला मीच गेलो होतो. किती काढल्या ते सांगायला नको.

आज दुकानदाराने एक झेरॉक्स तिरकी काढली, वरचं नाव अर्धं कापलं. तिचेही दोन रुपये घेतले.