ब्लँकेटं पुरे, तहसीलला कोण येतंय ते सांगा

आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवाळी जवळ आली की एक मेसेज ठरलेला असतोय, "यंदा पण निराधार आज्जी-आजोबांना ब्लँकेट वाटायची ना?" आणि त्याखाली धडाधड अंगठे. गेल्या वर्षी मी तिथंच लिहिलं की नको. मग काय, ग्रुपवर राडा. एकजण म्हणाला तुला चांगलं काम बघवत नाही, दुसरा म्हणाला देणगीदार तयार आहे, बॅनर पण छापायला गेलाय, आता त्याला काय तोंड दाखवायचं.

माझं म्हणणं एवढंच होतं की मागच्या गल्लीतल्या एका आज्जीची ट्रंक मी बघितलीय. त्यात पाच ब्लँकेटं, प्लॅस्टिकच्या पिशवीतनं बाहेर सुद्धा न काढलेली, दोन मंडळांची, एक पतसंस्थेचं, बाकीची कुणाकुणाच्या वाढदिवसाची. नातीच्या लग्नात आहेर करायला ठेवलीत म्हणे. हुशार आहे म्हातारी. पण तिची निराधारांची सरकारी पेन्शन सहा-सात महिने आलेली नव्हती आणि ब्लँकेट देऊन फोटो काढणाऱ्या एकानं पण तिला ते विचारलं नव्हतं.

आमची इचलकरंजी म्हणजे यंत्रमागाचं गाव. इथं ज्यांनी आयुष्यभर काम केलं, सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका, ताण्याचे धागे फणीतनं ओवणारे वहिफणीवाले, सुताला खळ देणारे सायझिंगचे कामगार, माग दुरुस्त करणारे जॉबर, त्यातल्या बहुतेकांना पीएफ नाही, पेन्शन नाही, जितकं कापड तितका पगार आणि हात थकले की संपलं. कानाचं तर विचारूच नका. मागाच्या खडखडाटात तीस-चाळीस वर्षं उभं राहिलेल्या माणसाला हळू बोललेलं ऐकूच येत नाही. आमच्या गल्लीत म्हातारी माणसं एकमेकांशी बोलायला लागली की नवीन माणसाला वाटतंय भांडण चालू आहे.

आता हा माणूस सरकारी ऑफिसात जाऊन बाकड्यावर बसतोय. आतनं नाव पुकारतात. ह्याला ऐकू येत नाही. पुढचं नाव, त्याच्या पुढचं नाव, मग जेवणाची सुट्टी, मग "मामा, तुमचं नाव मघाशीच घेतलं की". ह्यात कुणाची चूक म्हणायची? पण शेजारी एखादं पोरगं बसलेलं असलं असतं तर काम झालं असतं. मला ग्रुपवर हेच सांगायचं होतं की पैसे ठेवा बाजूला, आधी माणूस द्या. शेवटी तडजोड अशी ठरली की ब्लँकेटाचा देणगीदार झेरॉक्स आणि रिक्षाचा खर्च देणार आणि पोरं आळीपाळीनं म्हाताऱ्या माणसांबरोबर जाणार. बॅनर झालाच, तो काही टळला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ६५ च्या वरच्या निराधारांना श्रावणबाळ योजना, त्याखालच्या विधवा, अपंग, आजारी वगैरेंना संजय गांधी निराधार. २०२३ मध्ये रक्कम हजारावरनं १५०० झाली. पण श्रावणबाळची अट बघा, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत पाहिजे. भागून बघा, दिवसाला ५८ रुपये सुद्धा पडत नाहीत, एवढ्यात आमच्या कोपऱ्यावर दोन मिसळी येत नाहीत. आणि लाडक्या बहिणीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख! म्हणजे एखादी मावशी ६५ ची होईपर्यंत लाडकी बहीण असते, आणि वय झालं की ते १५०० बंद. तिला वाटतं आता श्रावणबाळ आपोआप चालू होईल, तसं काही होत नाही, नवा अर्ज, नवा उत्पन्नाचा दाखला, आणि २१,००० ची अट. हे दोन आकडे कुणी शेजारी ठेवून बघितलेत का असा मला दर वेळी प्रश्न पडतो.

तर त्या ट्रंकवाल्या आज्जीचं काय झालं ते सांगतो. पैसे आता डीबीटीनं थेट खात्यावर येतात. आज्जीच्या पासबुकात एंट्री नाही. ती म्हणतीय मोदींनी पैसे बंद केले, शेजारीण म्हणतीय आमदाराला भेट. मंडळातलं एक पोरगं, पोलीस भरतीची तयारी करणारं, तिच्याबरोबर बँकेत गेलं. तिथं उत्तर मिळालं, "आधार लिंक आहे, आमच्याकडनं काही प्रॉब्लेम नाही." परत दुसऱ्या काउंटरला, परत तेच. ह्या पोरानं मग मोबाईलवर शोधून काढलं की खात्याला आधार नंबर जोडलेला असणं वेगळं आणि एनपीसीआयकडं, म्हणजे बँकांचे ऑनलाईन व्यवहार चालवणाऱ्या संस्थेकडं, कुठली बँक नोंदवलेली आहे ते वेगळं. डीबीटीचे पैसे त्या नोंदलेल्या बँकेत जातात. आज्जीनं जनधनच्या लाटेत कुठल्या तरी कॅम्पमध्ये दुसऱ्या बँकेत खातं उघडलेलं, ते तिच्या लक्षातच नाही, पासबुक पण सापडत नाही. सगळे पैसे तिकडं जाऊन बसलेले!

ते काढायला गेलं तर अंगठा येईना. कांड्या भरून भरून बोटाच्या रेषा पुसल्यागत झाल्यात. मशीनवर अंगठा ठेवला की लाल लाईट. हात धुऊन आण म्हणाले, धुतला. ओल्या फडक्यानं पुसला, परत लाल. मधलं बोट, करंगळी, डावा हात, सगळं करून झालं. आज्जी त्या पोराला म्हणते, "बाळा, राहू दे, माझी बोटं मागानं खाल्ली." पोरगं हटायला तयार नाही. शेवटी डाव्या हाताच्या अनामिकेनं एकदाची हिरवी लाईट लागली आणि मागचे सगळे महिने एकदम निघाले. आज्जीनं बाहेर येऊन त्याला ऊसाचा रस पाजला, आणि आल्यावर पोरगं ग्रुपवर लिहितंय, "डावी अनामिका, लिहून ठेवा, परत लागणार." तेव्हापासनं आमच्याकडं एक वही आहे, कुणाचं कुठलं बोट चालतं, कुणाची कुठली बँक, हयातीचा दाखला कधी द्यायचा. मंडळाच्या इतक्या वर्षांच्या अहवालांपेक्षा मला ती वही भारी वाटते.

ह्या पोरांबद्दल पण बोलायला पाहिजे. ही भरतीवाली पोरं पहाटे ग्राउंड मारतात, दुपारी रिकामी, घरात बोलणी खातात. काहीजण रात्रपाळीला मागावर जातात, बारा तास. घरात अभ्यासाला जागा नाही कारण खालच्या मजल्यावरच माग चालू. मंडळाचा हॉल गणपती सोडला तर वर्षभर कुलपात असायचा, तो आता अभ्यासिका म्हणून उघडा असतो, दोन ट्यूबलाईट, जुनी बाकं आणि एक कूलर जो चालत नाही. हॉल वापरायचा तर आठवड्यातनं एक सकाळ म्हाताऱ्यांच्या कामाला द्यायची, असा अलिखित नियम. सुरुवातीला कुरकुर झाली, होणारच. पण आता फॉर्म भरण्यात ही पोरं एवढी तयार झालीत की सेतूबाहेरचे एजंट आमच्याकडं जरा वाकड्या नजरेनं बघतात.

शाळेच्या पोरांचं थोडक्यात. जूनमध्ये दप्तर-वह्या वाटप सगळेच करतात आणि सगळे पहिली-दुसरीच्या लहान पोरांना करतात कारण फोटोत गोड दिसतात. पण आठवीपर्यंत सरकारी-अनुदानित शाळेत पुस्तकं फुकटच मिळतात. खरी अडचण नववीला, पुस्तकं विकत घ्यायची, आणि नेमकं तेव्हाच घरचे म्हणतात चल मागावर. म्हणून आम्ही आठवीच्या पोरांना एनएमएमएस ह्या केंद्राच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवायच्या मागं लागलोय. पास झालं आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० मिळतात, थेट खात्यावर. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत हवं, ते आमच्याकडं सगळ्यांचंच असतं. बिहार-ओडिशाहून आलेल्या कामगारांची पोरं पण आहेत, मराठी झकास बोलतात, कागदपत्रं मात्र गावाकडं. तिथं आमचं घोडं अजून अडलंय.

आणि एक गोष्ट जिथं आमचं काही चाललेलं नाही. एक आजोबा, मुलगा-सून आहेत, घर आजोबांच्याच कष्टाचं, आणि त्यांना जेवण दारातल्या कट्ट्यावर. २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, प्रांताकडं अर्ज करता येतो, ते सांगतील तर त्यांच्या वतीनं संस्था पण करू शकते. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाईन आहे, तो नंबर पण दिला. आजोबांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "पोराची बदनामी हुईल." आता त्यांच्या इच्छेविरुद्ध काय करणार? दोन पोरं संध्याकाळी त्यांच्याजवळ कट्ट्यावर जाऊन बसतात, मोठ्यानं कुस्तीच्या गप्पा मारतात. सून आता ताट आत वाढते, असं कळलं. किती दिवस, बघू.

तर यंदाचं. ब्लँकेटचा मेसेज यायच्या आत मीच लिहून टाकतो. एक सेकंडहँड प्रिंटर पाहिजे, स्कॅनरवाला, झेरॉक्समध्ये फार पैसे जातात. नववी-दहावीची जुनी पुस्तकं मे संपायच्या आत हॉलवर आणून द्या, फाटलेली चालतील, पानं सगळी असावीत. आणि रविवारी येतो म्हणणाऱ्यांनी कृपया लक्षात घ्या, रविवारी तहसील बंद असते. मंगळवारी सकाळी कोण मोकळं आहे?