आलेंतेजोमधली सोललेली झाडं आणि कॉर्कचा कप

पोर्तुगालच्या आलेंतेजो भागात एव्होरा शहर सोडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कॉर्क ओक सुरू होतात, ज्यांची साल म्हणजेच बाटलीच्या बुचाचं कॉर्क, दाट जंगल नाही, मधे मोकळं गवत, त्यात गुरं चरतायत, आणि बुंधे पार फांद्यांपर्यंत सोललेले, पॅन्ट दुमडून उभी राहिल्यासारखी दिसतात झाडं. बुंध्यावर पांढऱ्या रंगात एक आकडा. साल ज्या वर्षी काढली त्या वर्षाचा शेवटचा अंक तो, आणि त्यानंतर ९ वर्षं झाडाला हात लावायचा नाही असा तिकडे कायदाच आहे.

साल काढतात उन्हाळ्यात, दोघं मिळून, कुऱ्हाडीने. घाव आत लागला तर झाडाला इजा, वर राहिला तर साल सुटत नाही. चीर पडली की कुऱ्हाड उलटी करायची, दांड्याचं टोक पाचरीसारखं तासलेलं असतं, ते आत सारून जरा उचकटलं की फर्र आवाज करत अख्खा पत्रा सुटून येतो, खाली बुंधा ओलसर, पिवळट. थोड्या दिवसांत तो लाल पडतो. झाड तोडायचा प्रश्नच नाही, दोनशे वर्षं सहज जगतं म्हणे. पण घाई असलेल्या माणसाचा हा धंदा नव्हे, पहिली साल मिळायलाच साधारण २५ वर्षं जातात आणि ती इतकी खडबडीत की बाटलीच्या बुचाला चालत नाही, दळून तिचा चुरा करतात. काचेच्या कपाभोवती हात भाजू नये म्हणून कॉर्कच्या पट्ट्या असतात ना, त्या बहुतेक अशाच चुऱ्यातून आणि बुचं कापून उरलेल्या तुकड्यांतून होतात.

मला मात्र आवडला तो कोशो. एकाच तुकड्यातून कोरलेली पळीच म्हणा ना, झऱ्यावर पाणी प्यायला वापरायचे. हातात घेतला तर वजनच नाही! कॉर्कच्या एका घन सेंटीमीटरमध्ये चारेक कोटी बंद पेशी, आत नुसती हवा, त्यामुळे काचेच्या मानाने उष्णता वीसेक पट कमी जाते, पाणीही सहसा झिरपत नाही.

आता दुकानातले काचेचे कप, कॉर्कची पट्टीवाले. उकळती कॉफी ओतून धरला, बोटं अजिबात भाजली नाहीत, पण कॉफी तशी लवकरच निवली कारण वाफ वरून जाते, तिथे झाकण लागतं, पट्टी काय करणार. व्हॅक्यूमच्या स्टील बाटलीशी तर तुलनाच नको. आणि "शंभर टक्के नैसर्गिक" वगैरे लिहिलेलं असलं तरी चुऱ्याला धरून ठेवायला बहुतेक वेळा पॉलियुरेथेनसारखा बाइंडर असतो, तो कुठला ते विचारावं. घेणारच असाल तर पट्टी सरकवून निघणारा कप बघा, धुताना काढून ठेवता येते आणि काच फुटली तरी त्याच मापाच्या दुसऱ्या कपाला बसते.