झिंग्याचा नवतपा

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ रखरखीत दिवस, लागला की नागपुरात दुपारी शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. मी फिशटँकसमोर खुर्ची टाकतो.

टँकमध्ये सहा गप्पी आणि अकरा रेड चेरी, म्हणजे पेराएवढे लाल झिंगे. मूळचे चीन-तैवानकडचे. रानात ते भुरकटच असतात, हा लाल रंग पाळणाऱ्यांनी निवडून निवडून आणलेला. आईला त्याचं कौतुक नाही. “बजारात वाट्यानं भेटतेत थे,” एवढंच म्हणाली होती.

गप्पी उथळ. माणूस दिसला की काचेला तोंड लावून उभे, मग पोट भरलेलं का असेना. स्वतःची पिल्लंही गिळतात. जाऊ द्या.

झिंगे मात्र निंदायला बसलेल्या बायांसारखे. इवल्या चिमट्यांनी शेवाळ खुडायचं, तोंडात घालायचं, हात थांबवायचा नाही. त्यातला एक परवा सकाळी तळाशी निपचित दिसला. मिशा, पाय, सगळं जागच्या जागी, रंग तेवढा उडालेला. मी हळहळलो, चमच्यानं काढला आणि तुळशीच्या कुंडीत पुरला.

“काहून रे, झिंग्याचंबी सुतक धरतं का आता?” आई म्हणाली.

संध्याकाळी मोजले तर अकराच्या अकरा हजर! पुरली होती ती कात. कवच वाढत नाही, म्हणून झिंगा ते उसवून बाहेर येतो आणि नवं कडक होईस्तोवर मॉसमध्ये, म्हणजे टँकमधल्या हिरव्या पाणवनस्पतीत, दडून राहतो. जुनं कवच पुढे खातोही, चुन्यासाठी. म्हणजे मी त्याचं ताट उचलून तुळशीला वाहिलं होतं.

ती मादी होती. कात टाकलेल्या मादीचा वास पाण्यात सुटतो आणि नर टँकभर सैरावैरा पोहतात. ते झालंच. आता तिच्या पोटाखाली पंचवीसेक पिवळसर अंडी आहेत. महिनाभर ती वागवायची आणि पोटाखालच्या पायांनी सारखा वारा घालायचा, म्हणजे त्यांना ताजं पाणी मिळतं, बुरशी धरत नाही.

काल दुपारी दोनला लाइट गेली. कूलर बंद, हवेचा पंप बंद. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, त्यामुळे गप्पी लगेच वर येऊन तोंडं वासू लागले. झिंगी कोपऱ्यात वारा घालतच होती. आई पदरानं स्वतःला वारा घेत काचेजवळ वाकून बराच वेळ पाहत राहिली.

मग उठली, फ्रिजातली बर्फाची बाटली आणून टँकमध्ये तरंगत सोडली.

“पन्ह्याचं उद्या पाहू,” म्हणाली.